अल्कली खडकातले नवे सिलिकेट खनिज: नमुना उचलण्यापासून नाव मंजूर होईपर्यंत

खनिज नवे ठरते ते दोनपैकी एका कारणाने. एक तर त्याच्या स्फटिकरचनेतल्या किमान एका जागेवर असे मूलद्रव्य प्रबळ असते, जे कुठल्याही ज्ञात खनिजात त्या जागी प्रबळ नाही. किंवा घटक तेच असतात, पण अणूंची मांडणी मुळातूनच वेगळी असते. दोन्ही प्रकार शेजारी शेजारी पाहायचे तर सोडियम-झिर्कोनियम सिलिकेटे घ्यावीत. कॅटाप्लेइट हे खनिज नॉर्वेच्या लांगेसुंड फियोर्डमधून १८५० मध्येच वर्णिले गेले. १९७४ मध्ये कॅनडातल्या माँ सेंट-इलेरमधून गेडोनेइट आले. घटक हुबेहूब कॅटाप्लेइटचे, पण कॅटाप्लेइटमध्ये सिलिकॉनच्या चतुष्फलकांची (एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन) तीन-तीनची बंद वलये असतात आणि गेडोनेइटमध्ये साखळ्या. १९८५ मध्ये न्यू मेक्सिकोच्या विंड माउंटनमधून जॉर्जचाओइट वर्णिले गेले. त्याची मांडणी गेडोनेइटचीच, फक्त सोडियमच्या दोन जागांपैकी एक पोटॅशियमने घेतलेली. तिन्ही स्वतंत्र खनिजे.

पुणे-वाघोलीच्या खाणी पाहिलेल्यांना दुसरा प्रकार ओळखीचा आहे. निळा कॅव्हन्साइट आणि पेंटागोनाइट यांचे रासायनिक सूत्र एकच, रचना दोन. ती खनिजे बेसॉल्टच्या पोकळ्यांतली आहेत, अल्कली खडकातली नव्हेत. पण नियम तोच लागतो.

थर त्याच प्रकारचे आणि फक्त रचण्याचा क्रम निराळा, असे असेल तर मात्र तो बहुप्रकार होतो. त्याला वेगळे नाव मिळत नाही. लॅम्प्रोफिलाइटसारख्या थरदार टायटॅनोसिलिकेटांत ही फसगत नेहमीची आहे, कारण थरांचा क्रम बदलला की एकक कोष्ठिकेची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान ठोकळ्याची) मापे बदलतात आणि अननुभवी माणसाला वाटते, काहीतरी नवेच हाती लागले.

अल्कली खडकच का, आणि तिथे काय सांभाळायचे

नेफेलीन सायनाइटात सोडियम आणि पोटॅशियमच्या अणूंची बेरीज ॲल्युमिनियमपेक्षा जास्त झाली की उरलेल्या सोडियमला फेल्डस्पारात जागा मिळत नाही. मग झिर्कोनियम साध्या झिरकॉनमध्ये न बसता युडियालाइटसारख्या गुंतागुंतीच्या सिलिकेटात जाते. टायटॅनियम, नायोबियम आणि विरळ मृदा मूलद्रव्येही तशीच. या खडकांना अगपायटिक म्हणतात. रशियाच्या कोला द्वीपकल्पातले खिबिनी आणि लोवोझेरो, ग्रीनलंडमधला इलिमाउसाक, कॅनडातली माँ सेंट-इलेरची पूड्रेत खाण ही त्यांची मोठी घरे. एकट्या माँ सेंट-इलेरमधून चारशेहून अधिक खनिजे नोंदली गेली आहेत. भारतात नेफेलीन सायनाइट पाहायचा तर राजस्थानातले किशनगढ, तमिळनाडूतले शिवमलै, आंध्रातले कुनावरम. दख्खनच्या ज्वालामुखी काळाशी नाते असलेले अल्कली खडक हवे असतील तर गुजरातेत फेनाई माता आणि अंबाडुंगर, आणि आपल्या रायगडात मुरुड-जंजिऱ्याजवळचे लॅम्प्रोफायरचे डाइक.

सोडियमची ही उधळण नमुन्यावर एक मोठे बंधन घालते: नमुना पाण्याने धुऊ नये. अतिशय अल्कली पेग्मटाइटातली (मोठमोठ्या स्फटिकांच्या अग्निजन्य खडकातली) काही खनिजे पाण्यात विरघळतात. व्हिलिओमाइट, म्हणजे सोडियम फ्लोराइड, हे त्यातले ठळक. नॅट्रोसिलाइटसारखी काही तर हवेतल्या ओलाव्याने आणि कार्बन डायऑक्साइडने काही दिवसांत पांढऱ्या भुकटीने झाकली जातात. नव्या खनिजाच्या शेजारी काय होते, हा पुरावा पहिल्या बादलीभर पाण्यातच वाहून जातो. दगड फोडल्यावर ताजा तुकडा लगेच झिप पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. कापणे केरोसिनमध्ये किंवा खनिज तेलात, पॉलिश तेलातल्या हिऱ्याच्या लेपाने, शेवटची पुसणी निर्जल इथेनॉलने.

पिशवीवर फक्त गावाचे नाव पुरत नाही. पेग्मटाइटाच्या कडेला की गाभ्यात, पोकळीत मोकळे स्फटिक की घट्ट खडकात, कोणावर कोण वाढले आहे, कोणाला कोणी गिळले आहे, हे तिथेच लिहावे आणि मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा. नव्या खनिजाच्या मंजुरीसाठी आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या आयोगाकडे जो प्रस्ताव द्यायचा, त्यात घटनाक्रम विचारला जातो, आणि सैल झालेला दाणा प्रयोगशाळेत पोचल्यावर तो सांगू शकत नाही. मूळ खडकाचा मुठीएवढा तुकडाही बरोबर आणावा. खाणीची किंवा जमिनीच्या मालकाची लेखी परवानगी जपून ठेवावी. पुढे नमुना संग्रहालयात देताना तिची गरज पडते.

खाणीच्या कचऱ्यात भट्टीची मळी, स्फोटाने वितळलेली काच किंवा सिमेंटचे तुकडे मिसळलेले असतात. माणसाच्या प्रक्रियेतून झालेला पदार्थ खनिज म्हणून स्वीकारला जात नाही, म्हणून दाणा खडकातच रुजलेला दिसणे हा पहिला पुरावा.

आधी ते जुनेच आहे असे धरून चाला

संशयित दाणा हाती आल्यावर पहिली पायरी म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ईडीएस, म्हणजे मूलद्रव्ये ओळखणारा क्ष-किरण वर्णपट. त्यात कुठली जड मूलद्रव्ये आहेत ते दहा मिनिटांत कळते. त्याच दाण्याचा रामन वर्णपट घेऊन ॲरिझोना विद्यापीठाच्या रफ (RRUFF) या वर्णपटांच्या संग्रहाशी ताडावा. मूलद्रव्यांच्या यादीवरून आयोगाच्या मान्य खनिजसूचीत शोधावे. नाव न मिळालेल्या खनिजांचीही वेगळी सूची आहे, तीही पाहावी; बरेचदा तुमचे खनिज तिथे अर्धवट वर्णन होऊन पडलेले असते. माँ सेंट-इलेरमध्ये तर अनोळखी खनिजांना क्रमांक देऊन ठेवण्याची पद्धतच आहे.

गट ओळखू आला की त्या गटाचे नामकरणाचे नियम आधी वाचा. युडियालाइट, लाबुन्त्सोव्हाइट, ॲस्ट्रोफिलाइट, सैडोझेराइट या सगळ्यांची मंजूर नियमावली आहे. युडियालाइटच्या चौकटीत अनेक स्वतंत्र जागा आहेत आणि प्रत्येक जागेवर कोण प्रबळ यावरून नाव ठरते. तिथे एकूण विश्लेषणात मँगनीज वाढला म्हणून काही होत नाही. तो एका ठरावीक जागेवर प्रबळ आहे हे दाखवावे लागते, आणि ते रचना सोडवल्याशिवाय दाखवता येत नाही.

मायक्रोप्रोब: बेरीज १०० आली म्हणून खूश होऊ नका

परिमाणात्मक विश्लेषण तरंगलांबी मोजणाऱ्या मायक्रोप्रोबवर (दाण्यावर इलेक्ट्रॉनांचा किरण टाकून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्यांचे प्रमाण मोजणारे उपकरण) करायचे. जलयुक्त सोडियम सिलिकेटांसाठी चालणारी सुरुवातीची मापे अशी: १५ किलोव्होल्ट, ५ ते १० नॅनोअँपिअर, किरणाचा व्यास १० ते २० मायक्रॉन. बारीक किरण आणि जास्त प्रवाह ठेवला की सोडियम किरणाच्या जागेवरून सरकतो, मोजणी सेकंदागणिक घसरते आणि त्याच वेळी सिलिकॉन फुगलेला दिसतो. म्हणून सोडियम सर्वांत आधी मोजावा. एकाच जागी एक मिनिट दहा-दहा सेकंदांच्या टप्प्यांनी मोजून आलेख काढावा. रेषा उतरत असेल तर किरण आणखी पसरवावा किंवा प्रवाह कमी करावा. किमान तीन-चार दाण्यांवर मिळून दहा ते पंधरा बिंदू घ्यावेत, आणि सरासरीबरोबर किमान-कमाल, प्रमाण विचलन व वापरलेली मानके नोंदवावीत.

मूलद्रव्यांच्या ठरावीक क्ष-किरण रेषांची सरमिसळ ही दुसरी अडचण, आणि अल्कली खडकात ती हमखास येते. टायटॅनियमची के-अल्फा रेषा ४.५१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर, बेरियमची एल-अल्फा ४.४७ वर. ईडीएसमध्ये ही दोन शिखरे एकच दिसतात. बेरियमयुक्त लॅम्प्रोफिलाइटात दोन्ही असतात, त्यामुळे बेरियमसाठी दुसरी रेषा निवडावी किंवा सुधारणा लावावी. झिर्कोनियमची एल-अल्फा (२.०४) फॉस्फरसच्या के-अल्फावर (२.०१) बसते, झिर्कोनियम सिलिकेटात अचानक फॉस्फरस दिसू लागला की आधी हाच संशय घ्या. फ्लोरिन मोजताना लोखंडाची एल रेषा जवळ येते. विरळ मृदा मूलद्रव्यांच्या एल रेषा तर आपसातच गुंतलेल्या असतात. त्यांच्यासाठी प्रत्येक मूलद्रव्याचे शुद्ध मानक मोजून सरमिसळीचे गुणक काढावे लागतात.

फ्लोरिन किंवा क्लोरिन असेल तर ऑक्साइडांच्या बेरजेतून ऑक्सिजनची वजावट विसरू नये: फ्लोरिनच्या टक्केवारीला ०.४२१ ने आणि क्लोरिनच्या टक्केवारीला ०.२२६ ने गुणून ती बेरजेतून वजा करायची.

आता सर्वांत महत्त्वाचे. मायक्रोप्रोबला हायड्रोजन आणि लिथियम दिसत नाहीत. बेरिलियम व बोरॉन नेहमीच्या मांडणीत निसटतात. बेरीज ८९ आली की माणूस सहज लिहून टाकतो, "उरलेले ११ टक्के पाणी." पूड्रेत खाणीतले पूड्रेटाइट (१९८७) हे या चुकीवरचे उत्तम औषध आहे. पोटॅशियम, सोडियम, बोरॉन आणि सिलिकॉन यांचे ते निर्जल सिलिकेट. त्यात बोरॉन ऑक्साइडच सुमारे ११ टक्के भरते. लोवोझेरोच्या च्कालोव्हाइटात बेरिलियम ऑक्साइड सुमारे १२ टक्के. दोन्ही ठिकाणी "पाणी" धरले असते तर सूत्र, घनता, रचना सगळेच चुकले असते. म्हणून तुटीचे कारण गृहीत धरू नये, शोधावे. लेसरने दाणा उडवून केलेले आयसीपी-एमएस (आयनांच्या वस्तुमानावरून मूलद्रव्ये मोजणारे) विश्लेषण किंवा आयन प्रोब वापरून लिथियम, बेरिलियम, बोरॉन तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उलट चूकही होते. झिओलाइटसारखी, पाणी सैल धरणारी खनिजे प्रोबच्या निर्वातात पाणी सोडतात. मग उरलेल्या ऑक्साइडांची टक्केवारी फुगते आणि स्वतंत्रपणे मोजलेले ९ टक्के पाणी मिळवले की बेरीज १०६ होते. अशा वेळी ऑक्साइडांचे प्रोबवरचे गुणोत्तर विश्वसनीय असते, निव्वळ टक्केवारी नसते. ती पाणी धरून पुन्हा १०० वर आणावी आणि तसे केल्याचे स्पष्ट लिहावे.

पाणी मोजायला काही मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य असेल तर तापवून वजनातली घट मोजणे किंवा कार्ल फिशर पद्धत. वजनातली घट म्हणजे केवळ पाणी असेही धरू नये. फ्लोरिन आणि कार्बन डायऑक्साइडही त्याच वाटेने निघून जातात, म्हणून बाहेर पडणारा वायू ओळखणारे उपकरण जोडलेले असावे. दाणा इतका लहान की वेगळे द्रव्य काढताच येत नाही, तर पाणी रचनेवरून काढलेले चालते, पण अवरक्त किंवा रामन वर्णपटाने त्याचे अस्तित्व दाखवावे लागते. अवरक्त वर्णपटात १६३० प्रति सेंटीमीटरच्या आसपासचा पट्टा पाण्याच्या रेणूचा. तो नसून फक्त ३४०० ते ३७०० मधला पट्टा असेल तर हायड्रॉक्सिल. १४५० जवळ जोरकस पट्टा दिसला तर कार्बोनेट. सिलिकेटात कार्बोनेट कशाला असेल, असे वाटत असेल तर माँ सेंट-इलेरचे कार्लटोनाइट आठवावे; त्यात आठ सिलिकॉनमागे चार कार्बोनेट आहेत.

लोखंड भरपूर असेल तर ते दोन की तीन संयुजेचे, हे मॉसबाउअर वर्णपटाने ठरवावे. द्रव्य कमी असल्यास रचनेतल्या बंधलांबीवरून आणि विद्युतभाराच्या तोलावरून अंदाज बांधता येतो.

सूत्र कशावर बेतायचे

इथे सरावासाठी नेट्रोलाइट घेऊ. पुण्याच्या खाणींतल्या स्कोलेसाइट-मेसोलाइटचा हा सोडियमवाला भाऊ लोवोझेरोच्या पेग्मटाइटात ढिगाने मिळतो, आणि त्याचे सगळे आकडे पक्के ठाऊक असल्याने आपली पद्धत बरोबर आहे का ते त्यावर तपासता येते. आदर्श विश्लेषण: सिलिका ४७.४१, ॲल्युमिना २६.८२, सोडियम ऑक्साइड १६.३०, पाणी ९.४८ टक्के.

प्रत्येक टक्केवारीला त्या ऑक्साइडच्या रेणुभाराने भागा. मग धन आयनांचे आणि ऑक्सिजनचे प्रमाण वेगवेगळे काढा. एकूण ऑक्सिजन १२ वर बेतला की सिलिकॉन ३.००, ॲल्युमिनियम २.००, सोडियम २.००, हायड्रोजन ४.०० येतात. आता पाण्याची मोजणी चुकून ८ टक्के आली असे समजा आणि तेच गणित पुन्हा करा. सिलिकॉन ३.०८ होतो, ॲल्युमिनियम आणि सोडियम २.०५. रचनेत सिलिकॉनला जागा तीनच. चूक पाण्याची आणि भोगायला लागले सगळे धन आयन. म्हणूनच पाण्यावर पूर्ण भरवसा नसेल तर सूत्र एकूण ऑक्सिजनवर बेतू नये. इथे सिलिकॉन अधिक ॲल्युमिनियम ५ वर बेतावे. ती चौकट भक्कम असते, आणि पाण्यातली चूक पाण्यापुरतीच राहते. चौकटीत फक्त सिलिकॉन असलेल्या खनिजात सिलिकॉनच्या संख्येवर बेतणे सर्वांत सुरक्षित.

प्रस्तावात तीन सूत्रे द्यायची: विश्लेषणातून आलेले, जागांच्या मर्यादा दाखवणारे सोपे, आणि आदर्श. आदर्श सूत्राच्या ऑक्साइडांची टक्केवारीही द्यावी. धन आणि ऋण भार जुळले पाहिजेत. तोल जात असेल तर आकडे ओढूनताणून बसवण्याऐवजी कुठली संयुजा किंवा कुठला हायड्रॉक्सिल चुकला ते शोधावे.

रचना

एकस्फटिक क्ष-किरण विवर्तनासाठी ३० ते १०० मायक्रॉनचा, कडा स्वच्छ असलेला दाणा निवडावा. ध्रुवित प्रकाशात फिरवून तो एकदम आणि पूर्ण काळा होतो का पाहावे. डाग राहिले तर यमलन (जुळे स्फटिक) किंवा दोन दाणे चिकटलेले. हे पाच मिनिटांचे काम टाळल्याने आठवडे वाया जातात. विरोधाभास निर्देशक आर, म्हणजे सोडवलेली रचना आणि मोजलेले विवर्तन यांतली तफावत, ५ टक्क्यांच्या आत आला तर उत्तम. स्फटिक लहान किंवा खराब असल्यास ७-८ टक्केही स्वीकारले जातात, मात्र कारण लिहावे लागते.

क्ष-किरणांना इलेक्ट्रॉनांची संख्या दिसते, मूलद्रव्याचे नाव दिसत नाही. झिर्कोनियमचे ४० आणि नायोबियमचे ४१ इलेक्ट्रॉन. दोघांत फरक करणे जवळजवळ अशक्य. मँगनीज आणि लोखंड तसेच. म्हणून जागेवरचे इलेक्ट्रॉन रचनेतून, मूलद्रव्यांची नावे प्रोबमधून आणि त्यांची वाटणी बंधलांबीवरून, असे तिघांना एकत्र बसवायचे. ऑक्सिजनशी सरासरी अंतर सिलिकॉनचे १.६२ अँगस्ट्रॉम, चतुष्फलकातल्या ॲल्युमिनियमचे १.७४, अष्टफलकातल्या टायटॅनियमचे १.९५ च्या आसपास, झिर्कोनियमचे २.०८ च्या आसपास. बेरिलियमचे १.६३ असते, म्हणजे लांबीवरून तो सिलिकॉनच वाटतो, पण इलेक्ट्रॉन ४ च. चतुष्फलकाची जागा अर्धी रिकामी असल्यासारखी दिसू लागली तर ती रिकामी न समजता तिथे बेरिलियम आहे का ते आधी बघा.

प्रत्येक ऑक्सिजनवर पडणाऱ्या बंधसंयुजांची (बंधलांबीवरून काढलेल्या प्रत्येक बंधाच्या बळाची) बेरीज करावी. ती २ च्या जवळ तर ऑक्सिजन, १ ते १.२ तर हायड्रॉक्सिल किंवा फ्लोरिन, ०.४ च्या खाली तर पाण्याचा रेणू. पाण्याचे प्रमाण पडताळण्याचा हा स्वतंत्र मार्ग आहे आणि तो नेहमी वापरावा.

चूर्ण विवर्तनाची सारणीही हवीच. दाणा एकुलता असेल तर तोच दोन अक्षांभोवती फिरवून चूर्णासारखा आलेख मिळवतात. त्यातून काढलेली कोष्ठिकेची मापे एकस्फटिकाच्या मापांशी जुळली पाहिजेत. युडियालाइट गटात नेहमीची उभी बाजू सुमारे ३० अँगस्ट्रॉम असते, पण काही सदस्यांत ती दुप्पट, ६० च्या घरात. दुप्पट कोष्ठिकेची क्षीण शिखरे नजरेतून सुटली की रचना चुकीची सुटते, आणि तरीही आर बऱ्यापैकी दिसतो.

हातात धरून मोजायचे गुण

रंग, कस, चमक, पाटन, भंजन, कठिनता, अतिनील प्रकाशातली चमक: हे सगळे लिहायला अर्धा दिवस पुरतो. पाटन किती दिशांनी आणि कोणत्या पृष्ठाला समांतर, ते मात्र रचनेशी ताडून लिहावे. रंग ताज्या फुटीवर पाहावा, कारण हॅकमनाइटसारखी खनिजे उजेडात काही मिनिटांत रंग बदलतात.

घनता मोजायला जड द्रवात दाणा तरंगवतात. ब्रोमोफॉर्म २.८९ पर्यंत, डायआयोडोमिथेन ३.३ पर्यंत. क्लेरिसी द्रव ४ च्या पुढे जातो, पण त्यात थॅलियमचे क्षार असतात आणि ते कातडीतूनही शरीरात शिरते. पर्याय असेपर्यंत त्याला हात लावू नये. सोडियम पॉलिटंगस्टेट निर्धोक आहे, पण तो पाण्यातला सोडियमचा द्राव आहे. खिबिनीतल्या सिटिनाकाइटसारखी, आयनांची देवघेव करणारी खनिजे त्यात टाकली तर आपण मोजायला घेतलेले खनिज आणि मोजलेले खनिज एकच राहत नाही.

मोजलेली घनता गणिती घनतेशी ताडायची. कोष्ठिकेतल्या सूत्रांची संख्या गुणिले सूत्रभार, भागिले कोष्ठिकेचे घनफळ गुणिले ०.६०२२. नेट्रोलाइटची मापे १८.२९, १८.६४ आणि ६.५९ अँगस्ट्रॉम, घनफळ सुमारे २२४७ घन अँगस्ट्रॉम, कोष्ठिकेत ८ सूत्रे, सूत्रभार ३८०.२. उत्तर २.२५, आणि मोजलेलेही तेच. मोजलेली घनता कमी येत असेल तर दाण्यात भेगा किंवा हवेचे बुडबुडे. जास्त येत असेल तर आत दुसरे जड खनिज, बहुतेक वेळा एजिरिनची सुई.

अपवर्तनांक सोडियमच्या ५८९ नॅनोमीटर प्रकाशात, ज्ञात अपवर्तनांकाच्या तेलात दाणा बुडवून, बेके रेषा (दाण्याच्या कडेला दिसणारी उजळ रेषा) पाहून काढतात. तेलाचा अपवर्तनांक तापमानासोबत बदलतो, म्हणून खोलीचे तापमान नोंदवा. अचूकता ०.००२ पर्यंत मिळते आणि तेवढी पुरते. द्विअक्षी खनिजात प्रकाशीय अक्षांमधला कोन मोजून आणि गणिताने, दोन्ही द्यावा. ते दोन जुळत नाहीत म्हणून लगेच घाबरू नये. नेट्रोलाइटचे अपवर्तनांक १.४८०, १.४८२, १.४९३ धरले तर गणिती कोन ४६ अंश येतो. मधला आकडा १.४८३ केला की तोच ५८ अंश होतो, आणि मोजलेला कोन साठीच्या आसपासच असतो. तिसऱ्या दशांशातली एका अंकाची हालचाल बारा अंशांची. अशा ठिकाणी मोजलेल्या कोनावर विश्वास ठेवावा आणि मधला अपवर्तनांक पुन्हा मोजावा.

मेळ

आतापर्यंतच्या मोजण्या एकमेकींपासून स्वतंत्र होत्या. त्या एकाच पदार्थाच्या आहेत की नाहीत, हे ग्लॅडस्टोन-डेल गणित सांगते. प्रस्ताव पाहणारे आधी याच आकड्याकडे वळतात. प्रत्येक ऑक्साइडला ठरलेला स्थिरांक आहे. त्याला वजनाच्या अंशाने गुणून बेरीज करायची. नेट्रोलाइटसाठी:

सिलिका ०.४७४१ × ०.२०८ = ०.०९८६
ॲल्युमिना ०.२६८२ × ०.२०७ = ०.०५५५
सोडियम ऑक्साइड ०.१६३० × ०.१९० = ०.०३१०
पाणी ०.०९४८ × ०.३४० = ०.०३२२

बेरीज ०.२१७३. दुसऱ्या बाजूने, सरासरी अपवर्तनांक १.४८५ मधून १ वजा करून घनतेने भागा: ०.४८५ ÷ २.२५ = ०.२१५६. दुसऱ्याला पहिल्याने भागून १ मधून वजा केले की ०.००८. हा आकडा, चिन्ह सोडून, ०.०२० च्या आत तर मेळ सर्वोत्कृष्ट, ०.०३९ पर्यंत उत्तम, ०.०५९ पर्यंत चांगला, ०.०७९ पर्यंत बरा, त्यापुढे कमकुवत.

पाण्याचा स्थिरांक सिलिकाच्या दीडपटीहून मोठा आहे, त्यामुळे चुकलेले पाणी इथे लगेच उघडे पडते. टायटॅनियम डायऑक्साइडचा ०.३९३ आहे, टायटॅनोसिलिकेटात त्याच्या टक्केवारीतली लहान चूकही उत्तर हलवते. घनता २.२५ ऐवजी २.१५ धरली तर उत्तर उणे ०.०३८ होते. मेळ कमकुवत आला तर आधी घनता, मग पाणी, मग न दिसलेली हलकी मूलद्रव्ये, आणि शेवटी अपवर्तनांक या क्रमाने तपासा. प्रकाशीय मोजणी एका दाण्याची आणि प्रोब दुसऱ्याचा, असेही झालेले असते. शक्य तिथे एकाच दाण्याचे तुकडे करून सगळी कामे त्यावरच करावीत.

नाव, प्रस्ताव, नमुना

आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेने १९५९ मध्ये नव्या खनिजांसाठी आयोग नेमला. आज तोच नामकरण आणि वर्गीकरणही पाहतो. त्याच्या संकेतस्थळावर प्रस्तावाचा ठरलेला तक्ता मिळतो. वर सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यात रकान्यानिशी विचारलेली आहे. जी मोजणी झाली नाही तिच्यापुढे ती का झाली नाही, याचे कारण लिहायचे. "दाणे ४० मायक्रॉनचे, घनता मोजता आली नाही, गणिती दिली आहे" हे पूर्ण मान्य होणारे उत्तर आहे.

नाव ठिकाणावरून, व्यक्तीवरून, घटकांवरून किंवा गुणावरून ठेवता येते. सिटिनाकाइटचे नाव सिलिकॉन, टायटॅनियम, नेट्रियम, कॅलियम या घटकांच्या आद्याक्षरांतून आले. लोवोझेरोच्या झोराइटला (१९७३) पहाटेच्या आभाळाच्या गुलाबी छटेवरून रशियन नाव मिळाले. स्वतःचे नाव देता येत नाही. हयात व्यक्तीचे द्यायचे तर तिची आधी संमती लागते. ऐकायला किंवा लिहायला एखाद्या जुन्या नावासारखे वाटणारे नाव टाळावे. विरळ मृदा खनिजाच्या नावामागे प्रबळ मूलद्रव्याचे चिन्ह जोडतात. नावासोबत छोटी संक्षिप्त खूणही सुचवावी लागते.

आयोगाचे सदस्य खनिजावर आणि नावावर वेगवेगळे मतदान करतात. खनिजासाठी मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक होकार लागतात, नावासाठी निम्म्याहून अधिक. शंका निघाल्यास मतदान थांबवून खुलासा मागवतात; तो नकार नसतो, बहुतेकदा पाणी किंवा संयुजा यांवरचा प्रश्न असतो. मंजुरी मिळेपर्यंत नाव व्याख्यानात, फोटोखाली किंवा विक्रीच्या चिठ्ठीवर येऊ देऊ नये. मंजुरीनंतर दोन वर्षांत संपूर्ण वर्णन शोधपत्रिकेत छापून यायला हवे.

प्रारूप नमुना, म्हणजे ज्यावरून वर्णन केले तो नमुना, कायमस्वरूपी जतन करणाऱ्या संग्रहालयात जमा करून त्याचा नोंदणी क्रमांक प्रस्तावात द्यायचा असतो. कोलाचे बरेच नमुने मॉस्कोच्या फर्समन संग्रहालयात आहेत. प्रोबसाठी पॉलिश केलेली चकती, रचना सोडवलेला स्फटिक आणि मूळ खडकाचा तुकडा, असे तिन्ही एकत्र द्यावेत, आणि ओलाव्याला भिणारे खनिज असेल तर बंद काचनळीत, बाहेर तशी चिठ्ठी लावून.